पाय-होल राऊटरला जोडताना डीएनएसचा पत्ता नेमका कोणत्या पानावर लिहावा?

निळीशाई

घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती एकाच ठिकाणी अडवता याव्यात म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (पुढे नुसते ‘पाय’) या छोट्या संगणकावर पाय-होल ही प्रणाली बसवली. त्यामागचे कारण आधी सांगतो. आई टॅबलेटवर रोज बातम्या आणि लेख वाचते. मजकुराच्या मधोमध उगवणारे ‘तुमच्या उपकरणात व्हायरस आहे’ असे फलक तिला खरे वाटतात आणि दोनदा तिने त्यांवर बोट ठेवून नको ती ॲप उतरवून घेतली. प्रत्येक उपकरणावर वेगळा जाहिरातरोधक बसवत राहण्यापेक्षा नेटवर्कच्या मुळाशीच उपाय करावा असे ठरवले. टीव्हीवर तर असा रोधक बसवण्याची सोयही नव्हती.

ज्यांना हे नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. कोणतेही पान उघडताना आपले उपकरण आधी डीएनएस सर्व्हरला ‘या नावाचा आयपी पत्ता काय’ असे विचारते. पाय-होल घरातच हा सर्व्हर होऊन बसते. विचारलेले नाव जाहिरातींचे किंवा पाळत ठेवणाऱ्यांचे म्हणून त्याच्या यादीत असेल तर ते खऱ्या पत्त्याऐवजी ०.०.०.० असे उत्तर देते, त्यामुळे जाहिरात मागवलीच जात नाही. बाकीची नावे ते बाहेरच्या सर्व्हरला विचारून उत्तर पोहोचवते. पाने, चित्रे आणि व्हिडिओ पायमधून जात नाहीत, फक्त नावांची विचारणा जाते, आणि म्हणूनच ५१२ एमबी मेमरीचा एवढासा संगणक अख्ख्या घराला पुरतो.

माझी जोडणी अशी आहे. पायला यूएसबी-इथरनेट अडॅप्टर लावून केबलने राऊटरच्या लॅन पोर्टला जोडले आहे. वीज राऊटरच्याच यूएसबी पोर्टातून दिली आहे. राऊटरमध्ये पायसाठी १९२.१६८.१.१० हा पत्ता राखून ठेवला आहे. राऊटरच्या ‘इंटरनेट’ या पानावर डीएनएसचे दोन रकाने आहेत. त्यांपैकी पहिल्यात हा पत्ता लिहिला आणि दुसऱ्यात, पाय बंद पडलेच तर अडचण नको म्हणून, ८.८.८.८ लिहिले.

पहिल्या आठवड्यात जाहिराती कधी गायब तर कधी हजर असा प्रकार चालला होता. दुसरा रकाना रिकामा केल्यावर त्या बऱ्याच कमी झाल्या, पण नवेच दुखणे सुरू झाले. संध्याकाळी सगळे घरी असताना अचानक कोणाकडेच काही उघडत नाही आणि मिनिटभरात आपोआप सुरळीत होते. आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल मात्र त्या वेळी तुटत नाही. शिवाय पाय-होलच्या क्वेरी लॉगमध्ये (विचारणांच्या नोंदवहीत) सगळ्या विचारणा १९२.१६८.१.१ या एकाच ग्राहकाकडून, म्हणजे राऊटरकडून, आलेल्या दिसतात. आईचा टॅबलेट कोणता आणि टीव्ही कोणता हे ओळखता येत नाही. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, आणि माझे नेमके कुठे चुकले आहे?

तारयंत्र

संबंध आहे. पाय व्यवस्थित चालू आहे, पण त्याचा पत्ता चुकीच्या पानावर लिहिला गेला आहे, आणि तुमच्या तिन्ही तक्रारी तिथून निघतात.

राऊटरमध्ये डीएनएस लिहिण्याच्या दोन वेगळ्या जागा असतात आणि दोन्हींना बहुधा सारखेच नाव दिलेले असल्यामुळे गोंधळ होतो. ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ या पानावर लिहिलेला पत्ता म्हणजे राऊटरने स्वतः कोणाला विचारावे याची सूचना. ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी सर्व्हर’ या पानावर लिहिलेला पत्ता म्हणजे घरातल्या उपकरणांनी कोणाला विचारावे याची सूचना. उपकरण वाय-फायला जोडले जाते तेव्हा राऊटर त्याला डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेतून चार गोष्टी देतो: त्याचा स्वतःचा आयपी पत्ता, सबनेट मास्क (घरच्या नेटवर्कची हद्द), गेटवे (बाहेर जाण्याचे दार) आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता. लॅनचा रकाना रिकामा असेल तर राऊटर ‘डीएनएस मीच’ असे सांगतो. मग टॅबलेट राऊटरला विचारतो, राऊटर पायला विचारतो, आणि पायला समोर फक्त राऊटर दिसतो. तुमच्या लॉगमध्ये एकच ग्राहक दिसण्याचे कारण हे आहे.

आता संध्याकाळच्या खोळंब्याकडे येतो. एखादे उपकरण बिघडून अखंड विचारणा करू लागले तर सर्व्हर गुदमरू नये म्हणून पाय-होलमध्ये मर्यादा घातलेली असते: एका ग्राहकाने ६० सेकंदांत १,००० पेक्षा जास्त विचारणा केल्या की पुढच्या विचारणांना तेवढ्या काळापुरता नकार मिळतो. ही मर्यादा प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी मोजली जाते. एका माणसाच्या फोनला ती सहसा लागत नाही, पण तुमच्याकडे सगळे घर मिळून एकच ग्राहक झाले आहे. त्यात टीव्हीसारखे उपकरण असेल तर अडवलेले नाव ते पुन्हा पुन्हा विचारत राहते, कारण अडवल्याचे उत्तर पाय-होल फक्त दोन सेकंदांसाठी वैध ठेवते. म्हणजे टीव्हीने एकट्याने मर्यादा संपवायची आणि नकार सगळ्यांना मिळायचा. चालू असलेल्या व्हिडिओ कॉलला नवे नाव विचारावे लागत नाही, म्हणून तो टिकतो. तुम्ही ही खूण टिपली ते फार चांगले केलेत. पाय-होलच्या निदानाच्या पानावर या मर्यादेची सूचना नोंदलेली असेल, ती पाहून खात्री करून घ्या.

राहिला दुसरा रकाना. त्याला ‘दुय्यम डीएनएस’ म्हणतात, आणि पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारले जाईल अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात तसा नियम नाही. काही राऊटर दोघांनाही एकदम विचारतात आणि आधी आलेले उत्तर घेतात, काही आलटूनपालटून विचारतात, तर काही जो लवकर उत्तर देतो त्याच्याकडे वळतात. ८.८.८.८ ला तुमच्या यादीशी देणेघेणे नाही, तो जाहिरातीचा खरा पत्ता देणारच. म्हणून दुसऱ्या रकान्यात एकतर दुसऱ्या पाय-होलचा पत्ता असावा, नाहीतर तो रिकामा असावा.

तेव्हा वॅनच्या पानावर कंपनीचे मूळ डीएनएस परत आणा, लॅनच्या पानावरच्या डीएनएस रकान्यात १९२.१६८.१.१० लिहा, आणि सगळ्या उपकरणांचे वाय-फाय एकदा बंद करून चालू करा. हे शेवटचे विसरू नका. उपकरणाकडे आधीची लीज, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता, असते आणि तिची मुदत बरीच शिल्लक असू शकते, त्यामुळे तोवर ते जुन्याच पत्त्यावर विचारत राहते.

रानपाखरू

इतके करण्याऐवजी पाय-होलमधली मर्यादाच वाढवली तर काम भागणार नाही का? माझ्याकडे ती शून्य करून पूर्ण काढून टाकली आहे आणि खोळंबा थांबला आहे.

तारयंत्र

खोळंबा थांबेल, पण त्यामागचा दोष झाकला जाईल. कोणते उपकरण बेसुमार विचारणा करते आहे हे कधीच कळणार नाही, आणि आईच्या टॅबलेटसाठी कडक व कामाच्या लॅपटॉपसाठी सैल असे वेगवेगळे नियमही लावता येणार नाहीत, कारण पायच्या दृष्टीने ती दोन उपकरणे वेगळी नसतातच.

आणखी एक धोका आहे, तो तुम्ही आजच तपासावा. वॅनच्या पानावर पायचा पत्ता आहे, आणि पाय-होलमध्ये वरचा सर्व्हर (ज्याला पायने पुढे विचारावे तो) म्हणून राऊटरचाच पत्ता दिला आहे, असे झाले तर राऊटर पायला विचारतो, पाय राऊटरला विचारतो, आणि एकच प्रश्न दोघांमध्ये फिरत राहतो. अशा चक्रात एका विचारणेच्या हजारो विचारणा होतात. मर्यादा असेल तर चक्र तिथे तुटते. ती काढून टाकल्यावर ते तोडणारे काही उरत नाही.

निळीशाई

निदानाच्या पानावर मर्यादेच्या अकरा सूचना सापडल्या आणि सगळ्या संध्याकाळच्याच आहेत. तुमचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले, मनापासून आभार.

मात्र पुढे अडलो आहे. हा राऊटर सेवा देणाऱ्या कंपनीनेच बसवून दिलेला आहे. त्याच्या लॅनच्या पानावर पत्त्यांची सुरुवात, शेवट आणि लीजची मुदत एवढेच रकाने आहेत. डीएनएसचा रकानाच नाही. राऊटर बदलण्याची सध्या इच्छा नाही. काही मार्ग आहे का?

दीपस्तंभ

मार्ग आहे, आणि माझ्या घरी गेली दोन वर्षे तोच चालू आहे. पत्ते वाटण्याचे काम राऊटरकडून काढून पाय-होलकडे द्यावे. पाय-होलमध्ये स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर असतो आणि तो पत्ता देताना डीएनएस म्हणून आपोआप स्वतःचेच नाव सांगतो. फक्त कामांचा क्रम पाळावा लागतो, कारण क्रम चुकला तर राऊटरचे पानही उघडेनासे होते. माझे तसे झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी पायला पक्का पत्ता द्या, आणि तो पायवरच द्या. आज तुमच्याकडे तो राऊटरने राखून ठेवलेला आहे; राऊटरचा डीएचसीपी बंद झाला की ती राखणही संपली. जो इतरांना पत्ते वाटणार आहे त्याला स्वतःचा पत्ता दुसऱ्या कोणाकडून मिळण्याची आशा ठेवता येत नाही. रास्पबेरी पायच्या २०२३ पासूनच्या प्रणालीत हे काम नेटवर्क मॅनेजरमधून होते. जुन्या लेखांत सांगितलेली डीएचसीपीसीडीची फाइल बदलून आता काही होत नाही, आणि नवखी माणसे इथे फार वेळ घालवतात. पत्ता, मास्क, गेटवे म्हणून राऊटरचा पत्ता, आणि डीएनएस हे सगळे हाताने भरा, पाय एकदा रीस्टार्ट करा आणि पत्ता तोच राहिला आहे याची खात्री करा.

त्यानंतर राऊटरमध्ये प्रिंटर, कॅमेरा वगैरेंसाठी जे पत्ते राखून ठेवले असतील ते त्यांच्या मॅक पत्त्यांसह (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकासह) कागदावर उतरवून घ्या, कारण तेच पाय-होलमध्ये पुन्हा भरायचे आहेत. पाय-होलच्या डीएचसीपी पानावर वाटपाचा टप्पा शक्यतो आधीपेक्षा निराळा ठेवा. राऊटर आजवर २ ते ९९ वाटत असेल तर पायने १०० ते २०० वाटावेत. म्हणजे ज्या उपकरणांकडे जुनी लीज अजून आहे त्यांच्याशी नव्या पत्त्यांची टक्कर होणार नाही, आणि कोणते उपकरण नव्या व्यवस्थेत आले ते नुसत्या आकड्यावरून ओळखू येईल. गेटवेच्या रकान्यात राऊटरचाच पत्ता राहू द्या. पत्ते पाय वाटणार असले तरी इंटरनेटकडे जाण्याचे दार राऊटरच आहे.

मग राऊटरचा डीएचसीपी बंद करा आणि लगेच पायचा चालू करा. दोन्ही एकाच वेळी फार काळ चालू ठेवू नका. उपकरणाला जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता ते घेते, त्यामुळे अर्धे घर एका व्यवस्थेत आणि अर्धे दुसऱ्या व्यवस्थेत जाते आणि दोष शोधणे अवघड होते.

एक किंमत मात्र मोजावी लागते. पाय बंद पडले तर नव्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला पत्ताच मिळणार नाही. अशा वेळी राऊटरचे पान कसे उघडायचे ते आजच शिकून ठेवा: संगणकाला हाताने १९२.१६८.१.२५० असा पत्ता, २५५.२५५.२५५.० हा मास्क आणि १९२.१६८.१.१ हा गेटवे द्यायचा, राऊटरचे पान उघडायचे आणि त्याचा डीएचसीपी पुन्हा चालू करायचा. पाच मिनिटांचे काम आहे, पण इंटरनेट बंद असताना ते शोधायला जाणार कुठे? म्हणून राऊटरशेजारी कागदावर लिहून चिकटवावे.

मध्यरात्र

दीपस्तंभ यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. पाय केबलने जोडलेले आहे हे उत्तम. डीएचसीपी त्याच्याकडे देणार असाल तर ते वाय-फायवर ठेवू नका. तसेच राऊटरचे ‘गेस्ट’ नेटवर्क वापरत असाल तर लक्षात घ्या की पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातल्या इतर उपकरणांकडे जाण्याची वाट बहुतेक राऊटर बंद ठेवतात, त्यामुळे तिथल्या फोनना पाय दिसणारच नाही.

निळीशाई

काल रात्री सगळे सांगितलेल्या क्रमाने केले. आता लॉगमध्ये नऊ ग्राहक वेगवेगळे दिसतात. टीव्हीचा आकडा पाहून थक्क झालो. घरातल्या एकूण विचारणांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या एकट्याच्या आहेत. आता मर्यादा लागलीच तर त्यालाच लागते आणि बाकीच्यांना त्याची झळ पोहोचत नाही.

आईच्या टॅबलेटवर मात्र अजून निम्म्या जाहिराती दिसतात. त्याला १०७ हा नवा पत्ता मिळाला आहे, डीएनएस म्हणून पायचाच पत्ता दिसतो, आणि तरीही लॉगमध्ये त्याच्या विचारणा अगदी तुरळक आहेत. ज्याच्यासाठी हे सगळे केले तेच उपकरण निसटते आहे, त्यामुळे चैन पडत नाही.

सहावासूर

टॅबलेटच्या वाय-फाय माहितीत खाली आणखी एखादा डीएनएस दिसतो का ते पाहा. ‘एफई८०’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल तर गळती आयपीव्ही६ मधून, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीतून, होते आहे.

आतापर्यंतची सगळी चर्चा आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीची होती. घरात आयपीव्ही६ चालू असेल तर राऊटर दर थोड्या वेळाने एक स्वतंत्र घोषणा करत असतो. तिला राऊटर ॲडव्हर्टाइजमेंट म्हणतात, आणि तीत डीएनएसचा पत्ताही देता येतो. डीएचसीपी पायकडे गेला तरी ही घोषणा राऊटरकडेच राहते, आणि तो तीत स्वतःचा पत्ता देतो. टॅबलेटकडे मग दोन डीएनएस येतात, एक पाय आणि एक राऊटर, आणि ‘दुसरा सर्व्हर हा राखीव नसतो’ हे तारयंत्र यांनी सांगितलेले सूत्र इथेही लागू पडते. अँड्रॉइड उपकरणे आयपीव्ही६ साठी डीएनएसचा पत्ता डीएचसीपीव्ही६ मधून घेत नाहीत, ती तो याच घोषणेतून घेतात. त्यामुळे संगणक सुधारतो आणि टॅबलेट सुधारत नाही असे चित्र दिसते.

उपाय राऊटरवर अवलंबून आहे. त्यात लॅनच्या आयपीव्ही६ पानावर डीएनएसचा रकाना असेल तर तिथे पायचा पत्ता लिहावा, पण कोणता, ते महत्त्वाचे आहे. पायला आयपीव्ही६ चे अनेक पत्ते असतात. सेवा देणाऱ्या कंपनीच्या उपसर्गातून (पत्त्याच्या सुरुवातीच्या भागातून) बनलेला सार्वजनिक पत्ता लिहू नका, कारण अनेक ठिकाणी तो उपसर्ग बदलत राहतो आणि मग एके दिवशी डीएनएस हरवते. एफई८० ने सुरू होणारा स्थानिक पत्ता, किंवा घरासाठी ‘एफडी’ने सुरू होणारा खासगी पत्ता बनवला असेल तर तो लिहावा, हे दोन्ही घरातच राहतात आणि कंपनीने काहीही बदलले तरी टिकतात. रकाना नसेल तर आयपीव्ही६ मधून डीएनएस देऊ नये अशी खूण कुठे आहे का ते शोधावे. तीही नसेल तर लॅनवरचे आयपीव्ही६ बंद करणे हा शेवटचा उपाय. तो मी नाइलाज झाल्याशिवाय सुचवत नाही, कारण अनेक कंपन्या आज आयपीव्ही४ चा एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी घरांत वाटून देतात आणि थेट जोडणी लागणाऱ्या कामांसाठी आयपीव्ही६ हीच मोकळी वाट उरते.

तपासण्यासाठी एक साधी रीत सांगतो. संगणकावर एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा चालवून ‘पाय.होल’ (pi.hole) हे नाव विचारा. हे नाव बाहेरच्या जगात नाही, ते फक्त पाय-होललाच माहीत असते. पायचा पत्ता उत्तरात आला तर विचारणा योग्य ठिकाणी गेली. नाव सापडत नाही असे उत्तर आले तर ती दुसरीकडे गेली. उत्तर कोणी दिले तेही पहिल्याच ओळीत लिहिलेले असते. टॅबलेटवर ब्राउझरमध्ये हेच नाव टाकून पाहता येते, मात्र एकदा उघडले म्हणून समाधान मानू नका, पाचसहा वेळा करून पाहा.

निळीशाई

एफई८० चा पत्ता खरोखरच होता! माझ्या राऊटरवर रकाना नव्हता, पण ‘आयपीव्ही६ डीएनएस जाहीर करा’ अशी एक खूण प्रगत पानावर सापडली. ती काढली, टॅबलेट पुन्हा जोडला, आणि लॉगमध्ये त्याच्या विचारणा धडाधड दिसू लागल्या. नव्या उत्साहाने सगळ्यांचे फोन तपासले तर बहिणीचा फोन लॉगमध्ये दिसतच नाही. तसेच टीव्हीच्या काही विचारणाही बाहेर जात असाव्यात अशी शंका आहे.

तारयंत्र

बहिणीच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ पाहा. डीएनएसचे नियम १९८७ साली लिहिले गेले तेव्हा विचारणा उघडीच जाईल असे धरलेले होते, आणि पोर्ट ५३ या डीएनएससाठी ठरलेल्या क्रमांकाच्या वाटेवरून ती आजही उघडीच जाते. ती झाकून नेण्याचे दोन मार्ग नंतर आले: २०१६ चा डीएनएस-ओव्हर-टीएलएस, जो पोर्ट ८५३ वापरतो, आणि २०१८ चा डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस, जो ४४३ वरून नेहमीच्या वेब वाहतुकीत मिसळून जातो. अँड्रॉइड ९ पासून पहिला मार्ग फोनमध्येच आहे. तो ‘आपोआप’वर असेल तर काळजी नाही, फोन पायकडे ८५३ वर विचारून पाहतो, तिथे कोणी नाही असे दिसले की ५३ वर येतो. परंतु तिथे एखाद्या सेवेचे नाव लिहिलेले असेल तर फोन घरच्या डीएनएसकडे ढुंकूनही पाहत नाही. ते नाव बहिणीने मुद्दाम लिहिले असेल, तर त्यांना विचारूनच बदलावे.

ब्राउझरच्या बाबतीत पाय-होल बरीच काळजी स्वतः घेते. फायरफॉक्स दुसऱ्या मार्गावर आपोआप जाण्याआधी एक ठरावीक नाव विचारून पाहतो. ते नाव अस्तित्वात नाही असे उत्तर पाय-होल देते आणि फायरफॉक्स घरच्या डीएनएसवर थांबतो. आयक्लाउड प्रायव्हेट रिले या ॲपलच्या सेवेच्या नावांनाही ते तसेच उत्तर देते. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः निवड केली असेल तर मात्र ही सूचना लागू होत नाही, आणि तसेच असायला हवे.

टीव्हीची शंका रास्त आहे. काही उपकरणांत ८.८.८.८ सारखा पत्ता आतच लिहून ठेवलेला असतो आणि डीएचसीपीने काहीही सांगितले तरी ती त्यालाच विचारतात. राऊटरच्या फायरवॉलमध्ये नियम लिहिता येत असेल तर पाय वगळता इतर कोणालाही बाहेरच्या पोर्ट ५३ वर जाऊ देऊ नये; वाट बंद झाली की यांतली काही उपकरणे मुकाट्याने घरच्या डीएनएसकडे येतात. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटीसारखी प्रणाली असेल तर अशा विचारणा न अडवता पायकडे वळवताही येतात. कंपनीच्या राऊटरवर बहुधा यांपैकी काही जमणार नाही.

आणि टीव्हीवर यूट्यूब पाहत असाल तर त्यातल्या जाहिराती पाय-होलने जाणार नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्या ज्या नावांवरून येतात त्याच नावांवरून व्हिडिओही येतो, आणि पाय-होलला फक्त नाव दिसते, त्यामागून काय येते ते दिसत नाही. ती नावे यादीत घातली तर व्हिडिओच बंद पडतो.

मध्यरात्र

एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. पायला राऊटरच्या यूएसबी पोर्टातून वीज देऊ नका. यूएसबी २ च्या पोर्टाकडून ०.५ अँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टाकडून ०.९ अँपिअर एवढीच हमी असते. झीरो २ डब्ल्यूसाठी ५ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे, आणि तुम्ही त्यावर इथरनेट अडॅप्टरही चालवत आहात. दाब कमी पडला की पाय अचानक रीस्टार्ट होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेही ‘इंटरनेट गेले’ असेच वाटते. त्याहून वाईट म्हणजे राऊटर बंद करून चालू केला की पायची वीजही त्याच क्षणी तुटते. मेमरी कार्डवर लेखन चालू असताना वीज तुटणे हे कार्ड खराब होण्याचे नेहमीचे कारण आहे. माझे पहिले कार्ड असेच गेले आणि सेटिंगची प्रत काढलेली नसल्यामुळे सगळे पुन्हा करावे लागले. पाय-होलमध्ये ‘टेलिपोर्टर’ नावाचे पान आहे, तिथून सेटिंगची प्रत उतरवून दुसऱ्या संगणकावर ठेवा. आजच ठेवा.

डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही तपासण्याची सोय, चालू केली असेल तर आणखी एक अडचण संभवते. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत वीज नसताना वेळ चालू ठेवणारे घड्याळ नाही. बराच काळ वीज गेल्यावर पाय जुन्याच वेळेत जागे होते, सह्यांच्या मुदती त्या वेळेशी जुळत नाहीत, म्हणून नावांची उत्तरे फेटाळली जातात; आणि वेळ दुरुस्त करायला ज्या सर्व्हरला विचारायचे त्याचे नावही त्यामुळे उलगडत नाही. वेळ देणाऱ्या सर्व्हरपैकी निदान एकाचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत लिहून ठेवला की हा पेच सुटतो.

पारिजात

तांत्रिक बाजू सगळ्यांनी फार नीट मांडली आहे. मला लॉगविषयी बोलायचे आहे. पत्ता वॅनच्या पानावर होता तोवर सगळे घर एकच दिसत होते. आता कोणी, किती वाजता, कोणत्या नावाची विचारणा केली हे पायच्या पानावर प्रत्येकाच्या नावासमोर दिसते. आजाराबद्दल, नोकरी बदलण्याबद्दल, पैशांच्या अडचणीबद्दल घरातली माणसे जे एकट्याने शोधतात, तेही त्यात येते. निळीशाई यांचा हेतू आईला जपण्याचा आहे हे स्पष्ट दिसते, म्हणूनच सांगावेसे वाटते की ही नोंद होते हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, ॲडमिन पानाला पासवर्ड ठेवा, आणि दोष शोधून झाल्यावर गोपनीयतेची पातळी वाढवा. पाय-होलमध्ये नावे लपवण्याची, नावे आणि उपकरणे दोन्ही लपवण्याची, आणि नुसती आकडेवारी ठेवण्याची अशा पायऱ्या आहेत. नोंदी किती दिवस ठेवायच्या तेही ठरवता येते. माझ्या घरी नावे लपवलेली आहेत. काही अडले तर तेवढ्यापुरती पातळी खाली आणते आणि आणत असल्याचे सांगते.

दीपस्तंभ

पारिजात यांच्याशी पूर्ण सहमत. त्याच्याच जोडीला हेही: घराबाहेर असतानाही पाय-होल वापरता यावे म्हणून राऊटरवर पोर्ट ५३ बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नका. असा उघडा सर्व्हर सापडला की छोट्या विचारणेला मोठे उत्तर मिळवून ते तिसऱ्याच कोणावर तरी ढकलण्यासाठी त्याचा वापर होतो. बाहेरून वापरायचेच असेल तर वायरगार्डसारखे व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) घ्यावे.

निळीशाई

एकेक करत सगळे केले. पायला स्वतंत्र अडॅप्टर दिला. सेटिंगची प्रत लॅपटॉपवर ठेवली. बहिणीने प्रायव्हेट डीएनएस स्वतःच ‘आपोआप’वर आणले, तिने ते मागे कुठल्याशा लेखात वाचून भरले होते. फायरवॉलचे पान या राऊटरवर नाही, त्यामुळे टीव्ही सध्या आहे तसाच राहील. जेवताना सगळ्यांना लॉग उघडून दाखवला आणि नावे लपवून टाकली. राऊटरशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवला आहे आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे बहिणीने काल पाय मुद्दाम बंद करून राऊटरचा डीएचसीपी चालू करून दाखवला. तिला सात मिनिटे लागली.

एकच अडचण उरली आहे. आई ज्या पानावरून विजेचे बिल भरते ते उघडते, पण ‘पुढे’ हे बटन दाबल्यावर काही होत नाही. पाय-होल पाच मिनिटे स्थगित केले की चालते. यासाठी सगळ्या घराची यादी सैल करावी लागेल का?

सहावासूर

नाही. नावे थोडा वेळ दिसू द्या, टॅबलेटवर ते बटन दाबा, आणि लॉगमध्ये त्याच क्षणी टॅबलेटच्या नावासमोर कोणती विचारणा अडवलेली दिसते ते पाहा. बहुधा एखादे मोजमापाचे नाव असेल, ज्याच्या उत्तराची ते बटन वाट पाहत असते. ग्रुपच्या पानावर नवा गट करून त्यात फक्त टॅबलेट घाला, ते एक नाव परवानगीच्या यादीत लिहून त्याच गटाला जोडा, आणि टॅबलेटला मूळ गटातही राहू द्या, म्हणजे बाकीची यादी त्याला लागू राहील. पान पुन्हा उघडण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद करून सुरू करा, कारण जुने उत्तर त्याच्याकडे साठवलेले असू शकते.

निळीशाई

दोन नावे अडलेली होती. पहिल्याला परवानगी देऊन उपयोग झाला नाही, म्हणून ती काढून घेतली. दुसऱ्याला दिल्यावर बटन चालले. आईने आत्ताच बिल भरले. ते नाव आणि तारीख भिंतीवरच्या कागदावर खाली लिहून ठेवली आहे.